मधला भाग कुणाचा

"तुझं नाव कुठाय गं?" आई म्हणाली.

थिएटरच्या दाराशी काचेमागे माणसाएवढं पोस्टर लावलं होतं. त्यावर फोटो माझाच, सहा वर्षांपूर्वीचा. मान मागे टाकलेली, केस सुटलेले, पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते कळू नये असे. वर नाचाचं नाव, 'भरती'. खाली नृत्यरचना म्हणून एकच नाव, योरिसचं. आईला फिनिश येत नव्हतं, पण अक्षरं इंग्रजीच होती. तिनं चष्मा सावरत पोस्टर वरपासून खालपर्यंत वाचलं, मग खालपासून वरपर्यंत वाचलं.

"आई, थंडी आहे. आत चल."

"थंडी राहू दे. परवा जेवताना जावईबापू काय म्हणाले? या खेपेला दोघांची नावं लागणार म्हणाले ना? तूच मला मराठीत सांगितलंस. मी काही बहिरी नाही."

"म्हणाले होते."

"मग?"

मग काय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण आईसमोर रस्त्यात तमाशा नको म्हणून मी तिचा हात धरला आणि तिला आत नेलं.

आम्ही दोघं, म्हणजे योरिस आणि मी, बॅले नाचणारी माणसं. माझे वडील जहाज कंपनीत इंजिनियर होते. मी दहा वर्षांची असताना त्यांची बदली रॉटरडॅमला झाली, आणि वाईची शरयू तिथल्या बॅलेच्या शाळेत जाऊन पडली. आईवडील पुढे वाईला परतले, मी राहिले. युरोपातल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी जायचे तेव्हा वाईला श्रावण असायचा. योरिस बेल्जियमचा. एकाच कंपनीत नाचत होतो, तिथंच लग्न केलं. मग त्याचं वय झालं, माझा गुडघा गेला. बॅलेवाल्याचं आयुष्य म्हणजे पस्तिशीत म्हातारपण. त्यानंतर शिकवायचं नाहीतर नाच बसवायचे, आणि तेही जिथं कुणी बोलावेल त्या देशात. आम्हाला फिनलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावानं बोलावलं. गावाचं नाव आईला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. योरिस तिथं प्रमुख झाला. मी रोज सकाळी नर्तकांचा क्लास घ्यायचे आणि दुपारी तालमी. दुसऱ्याचे नाच तिसऱ्याच्या पायात उतरवायचे, हे माझं काम.

योरिसला ही जागा मिळाली ती 'भरती'मुळेच. त्या नाचाला मोठं बक्षीस मिळालं होतं. आता हंगामाची सुरुवात त्याच नाचानं व्हायची होती, आणि माझ्या जागी नाचणार होती आयनो. बावीस वर्षांची, लांब हातापायांची, गुणी पोर.

आमच्या धंद्यात नाच कसा बसतो ते सांगते, म्हणजे माझा राग कळेल. नाच बसवणारा खुर्चीवर बसतो. नर्तकीला म्हणतो, "त्या खिडकीपासून या पियानोपर्यंत काहीतरी करून दाखव." ती करते. तो म्हणतो, "हे नको, ते ठेव." ती पुन्हा करते. शेवटी जे उरतं त्याच्यावर नाव त्याचं. ही रीतच आहे. सगळे मानतात, मीही मानत आले. 'भरती'चा पहिला भाग आणि शेवट असाच झाला, आणि तो योरिसचाच आहे. त्यावर मी कधी हक्क सांगितला नाही.

पण मधला भाग बसवायच्या वेळी हा गृहस्थ हॉलमध्ये नव्हताच. काविळीनं घरी झोपून होता. कंपनीवाले म्हणत होते, नाच रद्द करू. मी म्हटलं, थांबा. आणि तो भाग मी एकटीनं केला. संगीत न घेता, इतर सगळ्या मुलींना बरोबर घेऊन. योरिस बरा होऊन आला तोवर सगळं तयार होतं. खुर्चीवर बसून त्यानं ते बघितलं आणि म्हणाला, "हे ठेव." बक्षीस देणाऱ्यांनी नाव घेऊन कौतुक केलं ते त्या मधल्या भागाचं. गेली सहा वर्षं तो मला म्हणत होता, पुढच्या वेळी तुझं नाव टाकू.

हॉलमध्ये आईला भिंतीकडेची खुर्ची दिली. ती वाईहून आमच्याकडे राहायला आली होती, आणि घरात बसून भिंती किती बघू म्हणून आज पहिल्यांदाच तालमीला आली होती. 'भरती' तिनं कधी बघितला नव्हता. बक्षिसाच्या बातमीचं कात्रण मात्र तिनं वाईला फ्रेम करून लावलं होतं, आत कुणाचं नाव छापलंय ते न बघता.

योरिस आयनोवर खेकसत होता.

"आठ मोज! आठात वळण, पुढच्या आठात खाली! किती वेळा सांगायचं?"

"मोजतेय," आयनो म्हणाली.

ती खरंच मोजत होती, आणि तिथंच सगळं फसत होतं. व्हिडिओवरून योरिसनं त्या भागाचे आठ-आठ मात्रांचे तुकडे पाडले होते, आणि पोर इमानानं ते तुकडे नाचत होती. व्याकरण बरोबर, पण नाचात जीव नाही.

योरिस माझ्याकडे आला. आवाज खाली आणून म्हणाला, "शरू, हिला नीट करून दे. तुलाच माहितेय ते."

"बाहेरचं पोस्टर बघितलं मी."

"हो, ते… छापायला घाईत गेलं. मी बोलणारच होतो."

"घाईत तुझं नाव बरं आठवलं?"

"शरू, इथं नको."

"इथंच. पोस्टरवर माझ्या नावाची पट्टी चिकटव. आज, आत्ता. चिकटवलीस की पाच मिनिटांत हिचा नाच उभा करून देते. तोवर माझ्याकडून एक शब्द मिळणार नाही."

"तू मला अडवणार? स्वतःच्या नवऱ्याला?"

"सहा वर्षं कुणी कुणाला अडवलंय?"

तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात दार उघडून वर्तमानपत्राची बाई आत आली. पिर्यो नाव तिचं. पन्नाशीची, आखूड केसांची, बॅलेवर पंधरा वर्षं लिहिणारी. योरिसचा चेहरा क्षणात पालटला. हसून हात पुढे, या या, बसा बसा. तिला आईशेजारचीच खुर्ची मिळाली. आईनं तिला नमस्कार केला, तिनंही हात जोडले.

योरिसनं पूर्ण नाच करायला सांगितला. पहिला भाग झाला. मधला सुरू झाला, पियानो थांबला. दोन दोन मुलींनी हात धरले, मागे झुकल्या आणि फिरायला लागल्या. बॅलेत अंगाचा सगळा भार वर, आकाशाकडे ओढायचा असतो. इथं तो मागे सोडून द्यायचा, समोरचीच्या भरवशावर. मग फिरता फिरताच खाली बसायचं, आणि शेवटी एकटी उरलेली आयनो पायांचे अंगठे हातात धरून पाठीवर लोळते, उठते, पुन्हा लोळते, गोल गोल.

मी सहज आईकडे बघितलं. ती खुर्चीच्या कडेवर येऊन बसली होती. तिचे ओठ हलत होते. आधी मला वाटलं स्तोत्र म्हणतेय. मग ऐकू आलं. ती पकवा घालत होती. फुगडीला बायका तोंडानं ताल धरतात तो, ओठांनी आणि श्वासानं, पक्-फू, पक्-फू. पोरींचा वेग पडत होता तिथं ती वैतागून जोरात घालत होती.

सहा वर्षांपूर्वी मी नाचताना तेच केलं होतं, ओठ मिटून, आतल्या आत. त्या भागाला संगीत नव्हतं असं सगळे म्हणायचे. होतं ना, पण माझ्या तोंडात होतं! योरिसला ते कधी कळलं नाही, त्यानं कधी विचारलंही नाही.

नाच संपला. पिर्यो योरिसला म्हणाली, "हा मधला भाग! मी तुमच्या बक्षिसाच्या वेळीही लिहिलं होतं. असं वजन सोडणं मी बॅलेत कुठंच बघितलेलं नाही. हे सुचलं कुठून तुम्हाला?"

मी योरिसकडे बघितलं. मनात म्हटलं, आता तरी बोलेल. एवढी आयती संधी आहे, एक वाक्य तर बोलायचंय.

तो म्हणाला, "माझ्या आजीवरून."

"आजी?"

"ती कोळ्यांच्या गावातली. लहानपणी मी किनाऱ्यावर बसून बघायचो, बायका मिळून ओली जाळी ओढायच्या, मागे झुकून. संध्याकाळी जाळ्यांची गुंडाळी करायच्या. ते माझ्या अंगात राहिलं."

मी या माणसाच्या आजीच्या हातचं सूप प्यायले होते. गेंट शहरात भर बाजारात तिचं चपलांचं दुकान. समुद्राचं वारं लागलं की सर्दी होते म्हणणारी बाई! मासा तिनं कधी ताटातसुद्धा घेतला नव्हता. ती मरून चार वर्षं झाली होती, आणि नातू तिला कमरेएवढ्या पाण्यात उभी करून जाळी ओढायला लावत होता.

"किती सुंदर," पिर्यो म्हणाली. "ती नेमकं काय करायची ते दाखवाल?"

योरिस उठला. काही झालं तरी तो मुरलेला नर्तक होता, हात मागे घेऊन त्यानं ओढण्याचं सोंग बरं केलं. मग आयनोसारखं अंगठे धरून लोळायला गेला. एकदा लोळला आणि कासव उलटं पडावं तसा तिथंच राहिला, उठता येईना. मुली जमिनीकडे बघत होत्या. तो हसत हसत हात टेकून उठला आणि म्हणाला, "आजी माझ्यापेक्षा चपळ होती."

आईनं माझी बाही ओढली. "काय म्हणतायत ते?"

"हा मधला भाग त्याच्या आजीचा आहे म्हणतो."

"कुणाच्या आजीचा?"

"त्याच्या. बेल्जियमच्या."

आईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग योरिसकडे. "त्या कधी वाईला आल्या होत्या?"

"नाही."

"मग आपली बसफुगडी त्यांना कुणी शिकवली? आणि ते शेवटी लोळतात ते गाठोडं आहे. मंगळागौरीला आपल्या सोप्यावर मी शिकवलंय तुला. ढुंगणावर आपटून भोकाड पसरलं होतंस. म्हणे आजी! आयत्या बिळावर नागोबा!"

आईचा आवाज काही लहान नव्हता. वाईच्या मंगळागौरींना रात्रभर पुढं उभं राहून कमावलेला आवाज तो. पिर्यो मोठ्या उत्सुकतेनं माझ्याकडे वळली. "तुमच्या आई काय म्हणाल्या?"

मी तोंड उघडायच्या आत योरिस म्हणाला, "त्यांना फार आवडलं म्हणतायत." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं दाबला.

योरिसला मराठीतले दहाबारा शब्द येत होते, सगळे खाण्याचे.

तो हात खांद्यावर होता तेवढ्यात माझं ठरलं. मी तो खाली काढला.

"आई म्हणतेय," मी पिर्योला इंग्रजीत सांगितलं, "की याची आजी तिच्या गावाला कधी आलेली नव्हती. मग हा खेळ तिला कुणी शिकवला? आमच्याकडे लग्न झालेल्या मुली श्रावणात देवी मांडून रात्रभर खेळतात, त्यातले हे खेळ आहेत. शेवटचा तिनं मला घराच्या सोप्यावर शिकवला. मी पडले आणि रडले. आणि शेवटी तिनं एक म्हण सांगितली. मुंगी वारूळ बांधते आणि नाग येऊन राहतो."

योरिसचे कान लाल झाले. तो मोठ्यानं हसला. "सासूबाई! सगळ्या देशांत सारख्याच." कुणीच हसलं नाही. मग तो पिर्योकडे झुकून समजावणीच्या सुरात म्हणाला, "हे बघा, नर्तकी काय काय घेऊन येतात. कच्चा माल असतो तो. त्याचा नाच करणारा तो रचनाकार. आमच्या क्षेत्रात हे असंच चालतं."

"चालतं ना," मी म्हटलं. "मग त्यासाठी आजी कशाला आणलीस?"

पिर्योनं एकदाही मान वर केली नाही. ती लिहीत होती.

बाहेर कपडे बदलायच्या खोल्यांपाशी योरिसनं मला गाठलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, ते मी त्या दिवशी बघितलं.

"सगळ्यांसमोर माझी अब्रू घालवलीस!"

"अब्रू तू आजीच्या जाळ्यात गुंडाळून दिलीस. मी नुसतं मराठीचं इंग्रजी केलं."

"तुला कळत नाही, शरू. भारतीय बायकांचा खेळ आहे म्हटलं असतं, तर कुणी त्याला बॅले म्हटलं असतं? लोकनृत्य म्हणून मेळाव्यात नाचवला असता. मी त्याला रंगमंच मिळवून दिला. माझ्या नावामुळे बक्षीस मिळालं."

यात थोडं खरं होतं, म्हणूनच ते जास्त झोंबलं. मी त्या लोकांना ओळखत होते. त्यांनी खरंच तसं केलं असतं.

"केलं असतं लोकनृत्य," मी म्हटलं. "पण मग ते माझं लोकनृत्य असतं."

त्यानं खोल श्वास घेतला आणि शांतपणे बोलायला लागला. तो शांत झाला की मला जास्त भीती वाटायची. "उद्या सकाळी पिर्योला फोन करून सांग, आई म्हाताऱ्या आहेत, त्यांचा गैरसमज झाला. नाहीतर मी 'भरती' काढून टाकतो."

"काढून टाक."

"मी खरंच काढीन."

"मी खरंच म्हणतेय."

त्याला वाटलं असेल ही वळणावर येईल. आजवर येत आले होते. त्या रात्री तो घरी आलाच नाही. आईनं त्याच्यासाठी ठेवलेल्या पोळ्या सकाळी तिनंच चहाबरोबर खाल्ल्या. एवढंच म्हणाली, "शरे, माझ्यामुळे तुझं घर मोडलं का गं?"

"तुझ्यामुळे नाही."

"बघ हं. मी आपली पटकन बोलून गेले."

"बरं झालं बोललीस. मी सहा वर्षं मूग गिळून बसले होते."

सकाळी थिएटरच्या दारातली काच रिकामी होती. पोस्टर गेलं होतं. क्षणभर माझा विश्वासच बसेना. स्वतःचं बक्षिसाचं काम, हंगामाची सुरुवात, विकलेली तिकिटं, पण खाली माझं नाव चिकटवण्यापेक्षा या माणसाला सगळं बुडवणं सोपं वाटलं! मला वाटत होतं तो विसरभोळा आहे, भित्रा आहे, थोडा हावरा आहे. दहा वर्षं मी त्याला अशा मवाळ शिव्या देत आले होते. त्या रिकाम्या काचेनं माझे डोळे उघडले. त्याला नाच प्यारा नव्हताच.

हॉलमध्ये मुली क्लाससाठी उभ्या होत्या. क्लास घ्यायला माझा हात सरावाला धरायच्या दांडीकडे गेला, आणि मी तो काढून घेतला.

"आयनो, इकडे ये. आकडे विसर."

"सगळे?"

"सगळे. ही माझी आई. ही करेल तसं तोंडानं कर."

आईनं पदर खोचला, आयनोसमोर उभी राहिली आणि पकवा घातला. आयनोला आधी हसू आलं, मग तिच्या तोंडातून नुसती थुंकी उडाली, मग थोडासा आवाज आला. "ओठ सैल सोड गं, बाळंतिणीसारखी काय कळा देतेस!" आई मराठीतच ओरडत होती आणि आयनोला सगळं कळत होतं. मी आयनोचे हात धरले, तिढा घालून, पायाच्या अंगठ्याला अंगठा भिडवून. गुडघा दुखत होता, दुखू दे म्हटलं. आम्ही फिरलो. दुसऱ्या फेऱ्याला तिनं भार सोडला, आणि माझ्या हातांना कळलं की हिला आलं. बाकीच्या मुली न सांगता जोड्या करून उभ्या राहिल्या.

योरिस दारात उभा होता. कधी आला कोण जाणे.

"'भरती' रद्द झालाय," तो सगळ्यांना म्हणाला. "सगळ्यांनी घरी जा."

मुली माझ्याकडे बघायला लागल्या. आयनोनं माझे हात सोडले नाहीत.

"'भरती' रद्द झालाय," मी म्हटलं. "तुझा पहिला भाग तुला, शेवटचा तुला. घेऊन जा. मधला आम्ही नाचणार आहोत. तुझ्या रंगमंचावर नाही. गावातल्या बॅलेच्या शाळेचा हॉल आहे, तिथं. माझ्या नावानं."

"तो संपूर्ण नाच कागदोपत्री माझ्या नावावर आहे." तो जवळ आला. "त्यातलं एक पाऊल जरी लोकांसमोर टाकलंस, तर कोर्टात खेचीन तुला."

"खेच."

"चेष्टा वाटते?"

"अजिबात नाही. खेच मला कोर्टात. न्यायाधीश म्हणतील, नाच कुणाचा आहे ते इथं करून दाखवा." मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. "लोळल्यावर आधी कोण उठेल, योरिस? तू का मी?"

तो दाराकडे वळला. आईनं मला विचारलं, काय म्हणालीस, पण मी सांगितलं नाही. पहिल्यांदाच मला कुणाला काही समजावून सांगायची गरज वाटली नाही. तो गेला. महिनाभरानं शाळेच्या हॉलमध्ये आम्ही नाचलो. आयनोनं पकवा मोठ्यानं घातला, आणि पिर्योनं वर्तमानपत्रात फोटोखाली माझं नाव छापलं.

त्या नाचासाठी तो कधी कोर्टात गेला नाही. आम्ही दोघं मात्र गेलो, घटस्फोटाला. तिथं कुणाला नाचून दाखवावं लागलं नाही.